वाण्याची वही आणि वैद्याचे निदान

अंडाशयाचा कर्करोग हा दबा धरून बसणारा रोग समजला जातो. त्याची प्रारंभीची लक्षणे अत्यंत सामान्य असतात. पोट फुगणे, अपचन, ओटीपोटात दुखणे यांसाठी सहसा कोणी तज्ज्ञाकडे धाव घेत नाही. औषधाच्या दुकानातून एखादी वेदनाशामक किंवा आम्लपित्ताची गोळी आणून बाई आपल्या कामाला लागते. रोग पहिल्या अवस्थेत ओळखला गेला तर दहांपैकी नऊहून अधिक स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो शेवटच्या अवस्थेत सापडला तर हे प्रमाण फारच खाली येते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी जेम्स फ्लॅनगन यांच्या नेतृत्वाखाली नेमका हा गोळ्यांचाच धागा पकडला. ब्रिटनमधील २७३ स्त्रियांनी, त्यांत १५३ या कर्करोगाच्या रुग्ण आणि १२० तो नसलेल्या, आपल्या सवलतकार्डांवर नोंदल्या गेलेल्या खरेदीचा तपशील अभ्यासासाठी देण्यास संमती दिली. दोन मोठ्या दुकानसाखळ्यांकडून सहा वर्षांपर्यंतच्या नोंदी मिळाल्या. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की निदानाच्या सुमारे आठ महिने आधीपासून रुग्ण स्त्रियांची वेदनाशामक व अपचनावरील औषधांची खरेदी इतर स्त्रियांपेक्षा वाढलेली होती. स्वतः या स्त्रियांना लक्षणांची जाणीव झाली ती मात्र निदानापूर्वी सरासरी साडेचार महिने.

घरधनिणीला जे उमगले नव्हते ते दुकानाच्या वहीत आधीच उतरले होते, असा याचा अर्थ. तो लावताना घाई करून चालणार नाही. अडीचशेच्या आसपास स्त्रियांचा हा अभ्यास लहान आहे, आणि तो मागे वळून केलेला आहे. रोग झाला हे ठाऊक असताना त्याच्या पाऊलखुणा शोधणे सोपे असते. ब्रिटनमध्ये या कर्करोगाचे नवे रुग्ण वर्षाकाठी साडेसात हजारांच्या घरात आढळतात, तर अपचनाच्या गोळ्या विकत घेणाऱ्या स्त्रिया लक्षावधी आहेत. प्रत्येक वाढत्या खरेदीवर धोक्याची घंटा वाजवायची म्हटले, तर खऱ्या एका रुग्णामागे कितीतरी निरोगी स्त्रिया भयभीत होऊन तपासण्यांच्या रांगेत उभ्या राहतील. संशोधकांनीही यापेक्षा मोठा दावा केलेला नाही. तरीसुद्धा या छोट्या अभ्यासाने एक मोठा प्रश्न चव्हाट्यावर आणला आहे. दुकानदाराने आपल्या व्यापारासाठी ठेवलेली वही आरोग्यशास्त्राच्या कामी लावता येईल काय, आणि लावायची तर ती कोणाच्या अटींवर?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील मूळ कल्पना नवी वाटू नये. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियममधील कामगारांच्या घरखर्चाचे आकडे तपासून मांडलेला नियम आजही महाविद्यालयांत शिकवला जातो: उत्पन्न जितके कमी, तितका अन्नावरील खर्चाचा वाटा मोठा. मुंबईतही १९२१-२२ मध्ये सरकारच्या कामगार कचेरीने कामगार कुटुंबांच्या अंदाजपत्रकांची चौकशी केली. फिंडले शिरास यांनी तयार केलेला तिचा अहवाल १९२३ मध्ये बाहेर आला, आणि त्यातील एका निष्कर्षाने बरीच खळबळ माजवली. दुष्काळ संहितेने जेवढे धान्य जास्तीत जास्त मंजूर केले आहे तेवढे मुंबईचा औद्योगिक कामगार खातो. परंतु मुंबईच्या तुरुंग नियमावलीने कैद्याला जेवढे धान्य ठरवून दिले आहे तेवढेही त्याच्या वाट्याला येत नाही, असे त्या अहवालात म्हटले होते. वाण्याच्या हिशेबातून प्रकृतीचे अनुमान काढण्याचा, आणि त्या अनुमानाने राज्यकर्त्यांना अडचणीत टाकण्याचा, असा हा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयत्न होता.

मात्र तेव्हाचा पाहणीदार दारोदार हिंडून विचारत असे, आणि घरातील माणसे आठवेल ते व सांगावेसे वाटेल ते सांगत. दारूवरचा खर्च कमी सांगायचा आणि दुधावरचा वाढवून सांगायचा ही प्रवृत्ती सर्व देशांत सारखीच. आता तो मधला माणूस गेला आहे. ब्रिटनमध्ये टेस्को कंपनीने १९९५ मध्ये आपले ‘क्लबकार्ड’ देशभर सुरू केले. तत्पूर्वीच्या प्रयोगाचे आकडे पाहून कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष इयान मॅक्लॉरिन यांनी, आपल्या गिऱ्हाइकांविषयी आपल्याला तीस वर्षांत जे कळले नाही ते या मंडळींना तीन महिन्यांत कळले, अशा आशयाचे उद्गार काढल्याचे सांगतात. कार्ड दाखवले की दोन पैशांची सूट मिळते; मोबदल्यात कोणत्या दिवशी, कोणत्या दुकानातून, किती लोणी आणि किती सिगारेटी घेतल्या याची नोंद कायमची राहते. ही योजना कोणाच्या आरोग्यासाठी आखलेली नव्हती. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ नये, एवढाच तिचा हेतू होता.

पुढे संशोधकांचे लक्ष या भांडारांकडे गेले ते साहजिकच होते. बृहत् लंडनमधील टेस्कोच्या ४११ दुकानांतून २०१५ या एका वर्षात १६ लाख कार्डधारकांनी घेतलेल्या ४२ कोटी खाद्यवस्तूंची आकडेवारी, व्यक्तींची ओळख पुसून व वस्तीनिहाय बेरजा करून, २०२० मध्ये अभ्यासकांसाठी खुली करण्यात आली. कोणत्या वस्तीत साखर व उष्मांक जास्त खरेदी होतात आणि तेथे मधुमेहाचे प्रमाण किती, याचा मेळ तीवरून घालता येतो. इंग्लंडमधील एका औषधविक्री साखळीच्या २०० कोटींहून अधिक व्यवहारांचा उपयोग करून खोकला-पडशाच्या औषधांच्या खपावरून श्वसनरोगांच्या मृत्यूंचा अंदाज सतरा दिवस आधी अधिक अचूकपणे बांधता येतो, असे २०२३ मधील दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले. अमेरिकेत २००९-१० साली साल्मोनेला जंतूंची साथ पसरली; ४४ राज्यांत मिळून २७२ रुग्ण सापडले. गेल्या आठवड्यात काय काय खाल्ले याचे उत्तर रुग्णांना धड देता येत नव्हते. शेवटी सभासदांनाच माल विकणाऱ्या एका घाऊक साखळीच्या कार्डांवरील नोंदी रुग्णांच्या परवानगीने तपासल्या, तेव्हा एका प्रकारच्या मसालेदार मांसपदार्थाकडे बोट गेले, आणि त्याला लावलेली आयात मिरी व लाल मिरची हे दोषाचे मूळ ठरले. माणसाची स्मृती जेथे थकली तेथे वही कामी आली.

परंतु खरेदीच्या आकडेवारीचे खरे सामर्थ्य पाहायचे असेल तर मेक्सिकोकडे वळले पाहिजे. शीतपेयांच्या खपात हा देश जगात अग्रभागी. २००० मध्ये तेथे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले व्हिसेंते फॉक्स हे पूर्वी कोका-कोलाच्या तेथील शाखेचे प्रमुख होते, यावरून त्या उद्योगाच्या वजनाची कल्पना यावी. लठ्ठपणा व मधुमेह यांनी हैराण झालेल्या सरकारने १ जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. किमतीच्या मानाने हा कर सुमारे दहा टक्के. असा कर गरिबांना बुडवील, लोक पेये सोडणार नाहीत, फक्त त्यांच्या खिशातून पैसा जाईल, हा युक्तिवाद झाला. तो अर्थशास्त्राच्या दृष्टीने हास्यास्पद मुळीच नव्हता. मागणीची लवचीकता कमी असेल तर नेमके असेच घडते. तेव्हा वाद मिटवायचा तर प्रत्यक्ष आकडे हवेत.

ते काम मेक्सिकोच्या राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेने आणि अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने मिळून केले. एका बाजारपाहणी कंपनीच्या ५३ शहरांतील सहा हजारांहून अधिक कुटुंबांच्या खरेदीनोंदी त्यांनी वापरल्या. कर लागण्यापूर्वीचा कल पुढे चालू राहिला असता तर खरेदी किती झाली असती, आणि प्रत्यक्षात किती झाली, यातील अंतर त्यांनी मोजले. २०१४ मध्ये करपात्र पेयांची खरेदी सरासरी सहा टक्क्यांनी घटली, आणि वर्षाच्या अखेरीस ही घट बारा टक्क्यांपर्यंत पोचली. सर्वांत गरीब थरात ती सरासरी नऊ टक्के होती आणि डिसेंबरात सतरा टक्क्यांवर गेली. करमुक्त पेयांची, त्यांतही बाटलीबंद साध्या पाण्याची, खरेदी सुमारे चार टक्क्यांनी वाढली. पिण्याचे स्वच्छ पाणी नळाला नसलेल्या वस्तीत पाणी विकत घ्यावे लागणे हा विजय मानायचा की दुर्दैव, हा प्रश्न वेगळा. परंतु कर भरत राहून गरीब तेच पेय पीत राहील, हे भाकीत खोटे ठरले. चिलीने जून २०१६ पासून साखर, मीठ, चरबी वा उष्मांक जास्त असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर काळे अष्टकोनी इशारे छापणे सक्तीचे केले, मुलांना उद्देशून होणाऱ्या जाहिरातींना लगाम घातला. तेथेही चिली व अमेरिका येथील विद्यापीठांच्या संयुक्त पथकाने दोन हजारांवर कुटुंबांची खरेदी तपासली, आणि इशारा असलेल्या पेयांची खरेदी सुमारे चोवीस टक्क्यांनी घसरल्याचे दाखवून दिले.

या दोन उदाहरणांत आणि लंडनच्या कर्करोग अभ्यासात एक महत्त्वाचा भेद आहे. मेक्सिकोच्या संशोधकांना अमक्या बाईने काय घेतले हे जाणून घ्यायचे नव्हते; सरकारच्या धोरणाचा परिणाम काय झाला, एवढेच त्यांना हवे होते. तेथे तपासणी होत होती ती शासनाची आणि उद्योगाची. लंडनच्या मार्गाने पुढे गेल्यास तपासणी होते ती व्यक्तीची, आणि व्यक्तीविषयीचे ज्ञान विमा कंपनीला, मालकाला वा जाहिरातदाराला विकता येण्याजोगे असते. याचा अर्थ दुसरा मार्ग बंद करावा असा नाही. एखाद्या स्त्रीला आठ महिने आधी सावध करता आले तर ते कोणाला नको आहे? परंतु दोहोंना एकाच नियमाने तोलणे चुकीचे होईल. पहिल्या प्रकारच्या अभ्यासासाठी दारे सताड उघडी असावीत, दुसऱ्यासाठी प्रत्येक वेळी दार ठोठावून, नाव सांगून, संमती घेऊनच आत यावे.

तसे पाहता आज दोन्ही दारांच्या किल्ल्या दुकानदाराकडेच आहेत. मेक्सिकोची आकडेवारी खासगी कंपनीची. चिलीचीही तशीच. जी साखळी एका फळीवर केक ठेवते आणि दुसऱ्या फळीवर मधुमेहाची औषधे, तिने आपल्याच मालाच्या परिणामांविषयीचा कोणता अभ्यास होऊ द्यायचा हे ठरवावे, ही अवस्था शास्त्राला शोभणारी नाही. आज दिलेली आकडेवारी उद्या व्यवस्थापन बदलताच बंद होऊ शकते. श्रीमंत देशांतील विद्यापीठे अशी माहिती विकत घेऊ शकतात किंवा देणगीदार संस्थांच्या पैशावर मिळवू शकतात; ज्या देशांत रोगाचा भार जास्त आहे तेथील विद्यापीठांना ती परवडत नाही. सहकार्य म्हणायचे आणि व्यवहारात एकाने पैसा, संगणक व कीर्ती आणायची आणि दुसऱ्याने रुग्ण पुरवायचे, हे जुने दुखणे येथेही डोके वर काढल्यावाचून राहणार नाही.

फिनलंडचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. तेथील एस-ग्रुप ही दुकानसाखळी सहकारी आहे. मुंबईकरांना अपना बाजार ज्या अर्थाने आपला वाटत आला, त्या अर्थाने तिचे ग्राहक तिचे मालक आहेत. संशोधकांनी तिच्या एका विभागातील कार्डधारकांना पत्रे पाठवून त्यांच्या २०१६ मधील खरेदीच्या नोंदी वापरण्यास संमती मागितली. जेथे शासनावरही विश्वास आहे आणि दुकानावरही, अशा देशात संमती दिली ती १४,५९५ जणांनी, म्हणजे पत्र गेलेल्यांपैकी साडेपाच टक्क्यांच्या आसपास. त्यांत दोनतृतीयांशांहून अधिक स्त्रिया. अगदी तरुण आणि वृद्ध कमी. त्यांच्या कार्डावर उतरलेला खर्च राष्ट्रीय सरासरीच्या साधारण दोनतृतीयांश भरला, कारण उरलेली खरेदी अन्यत्र झाली होती. पुढील फेरीत सहभागी होणाऱ्यांची संख्या वाढून सत्तेचाळीस हजारांवर गेली हे खरे. पण अपेक्षा किती ठेवावी, याचा अंदाज पहिल्या आकड्याने चांगला येतो. शिवाय पिशवीत आणलेले सर्व पोटात जाते असे नाही, आणि एका कार्डावर चार माणसे जेवत असतील तर साखर कोणाच्या वाट्याला किती गेली हे वही सांगत नाही. बाहेर खाल्लेला वडा तर कोणत्याच कार्डावर नसतो.

देशादेशांतील आकडे जुळवायचे म्हटले की आणखी अडचणी उभ्या राहतात. वेष्टनावरच्या उभ्या रेघांची बारकोड पद्धती बहुतेक जगात समान झाली आहे. पण त्या क्रमांकावरून मालाचे नाव कळते, त्यातील मीठ-साखर कळत नाही, आणि एकाच नावाचे पेय दोन देशांत वेगवेगळ्या गोडीचे असू शकते. कायदेही सारखे नाहीत. मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या माहितीरक्षण नियमावलीत आरोग्यविषयक माहितीला खास संरक्षण आहे. मग खरेदीची नोंद आरोग्यविषयक मानायची काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका जर्मन औषधविक्रेत्याच्या प्रकरणात निर्णय दिला, की औषधाच्या दुकानातच मिळणारे औषध संकेतस्थळावरून मागवताना गिऱ्हाईक जी माहिती देते ती, औषध चिठ्ठीवाचून मिळणारे असले तरी, आरोग्यविषयकच होय. हा निर्णय योग्य दिशेने पडला आहे. संशोधकांना तो जाचक वाटेल. पण इंग्लंडचा अनुभव त्यांनी विसरू नये. कुटुंबवैद्यांकडील रुग्णनोंदी एकत्र आणण्याची ‘केअर डॉट डेटा’ ही योजना तेथील आरोग्यसेवेने मोठ्या उत्साहाने पुढे आणली होती. माहिती कोणाला विकली जाणार याचे सरळ उत्तर लोकांना मिळाले नाही. ओरड झाली, आणि २०१६ मध्ये ती गुंडाळावी लागली. हेतू चांगला होता, एवढ्याने ती तगली नाही.

भारतात हा सारा प्रश्न परक्या घरचा वाटण्याचे दिवस संपत आले आहेत. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत आणि अनेक औषधविक्रेत्यांकडे बिल करताना मोबाइल क्रमांक विचारला जातो. तो का हवा, हे विचारण्याचा प्रघात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व मान्य केले, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. परंतु युरोपप्रमाणे आरोग्यविषयक माहितीचा वेगळा, अधिक संरक्षित वर्ग या कायद्यात नाही. संशोधन व सांख्यिकी यांना त्याच्या सतराव्या कलमाने सूट दिली आहे. अट एवढीच, की त्या माहितीच्या आधारे विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाऊ नये आणि विहित मानके पाळली जावीत. मेक्सिको पद्धतीच्या अभ्यासाला ही सूट पुरेशी आहे.

आणि तशा अभ्यासाची निकड येथे खरोखरच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर गेले आहेत. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत पेये, उपाहार व प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांवरील खर्चाचा एकूण खर्चातील वाटा ग्रामीण भागात ९.६२ टक्के आणि शहरी भागात १०.६४ टक्के आढळला. अशा वेळी २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. गोड शीतपेयांवर २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर होता, त्याऐवजी सरळ ४० टक्के कर झाला. म्हणजे भार होता तेवढाच राहिला. बिस्किटे व चॉकलेट यांवरील कर मात्र १८ टक्क्यांवरून आणि फरसाण-शेव यांवरील १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मध्यमवर्गीयाचा महिन्याचा हिशेब यामुळे हलका झाला, याबद्दल तक्रार नाही. तथापि मेक्सिकोने केलेल्या प्रयोगाचा हा उलटा प्रयोग आहे, आणि तो एकशेचाळीस कोटींच्या देशात चालू आहे. बिस्किटांचा खप वाढला काय, कोणत्या उत्पन्नगटात वाढला, डाळ-दुधावरचा खर्च त्यामुळे कमी झाला काय, याचा महिन्यामहिन्याचा तपशील बाजारपाहणी कंपन्यांच्या कुटुंबनोंदींत जमा होत असतो आणि बिस्किटे बनवणारे तो पैसे मोजून विकत घेत असतात. विद्यापीठांतील पोषणशास्त्र व अर्थशास्त्र विभागांना राष्ट्रीय पाहणीच्या अहवालाची वाट पाहावी लागते, आणि कुटुंबांच्या स्मरणावर विसंबलेल्या त्या पाहणीत बिस्किटाचा पुडा कोणत्या प्रकारचा होता याचा पत्ता नसतो.

ओळख पुसलेल्या व जिल्हानिहाय एकत्र केलेल्या अशा खरेदीनोंदी सहा महिन्यांच्या विलंबाने का होईना सांख्यिकी मंत्रालयाकडे जमा कराव्यात, आणि परदेशी विद्यापीठाशी करार होईल तेथे त्यांची प्रत देशातील संस्थेकडे राहावी, असे बंधन मोठ्या साखळ्यांवर व बाजारपाहणी कंपन्यांवर घालण्यात कायद्याची अडचण फारशी दिसत नाही. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार यातून वगळला जाईल, आणि त्याबरोबर रोखीने पावशेर साखर नेणारे गिऱ्हाईकही. त्यांच्यासाठी १९२१ सालासारखे दारोदार हिंडणारे पाहणीदारच पाठवावे लागतील. फक्त त्यांनी महिन्याभराचे आठवायला सांगू नये, आठवड्याला एकदा जाऊन पिशवी पाहावी.